आयडाबाई वेल्स



मंडळाच्या हस्तलिखितात माझी दरवर्षीची हजेरी म्हणजे एखादी पाककृती, नाहीतर भरतकामाचा नमुना. स्मरणिकेसाठी मात्र एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्या असे चिटणीसबाईंनी बजावले. जिजाऊ, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांच्याविषयी आपल्यापैकी पुष्कळजणी माझ्याहून चांगले लिहितील. म्हणून मी जरा लांबची बाई निवडली आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, इंग्रजी मला येत नाही. माझी लेक कॉलेजात शिकते, तिच्या अभ्यासात ही बाई आली. रात्री भांडी आटोपली की ती मला मराठीत सांगे आणि मी वहीत उतरवून घेई. त्या वहीतले थोडेसे येथे देत आहे.

आयडा वेल्स यांचा जन्म १६ जुलै १८६२ रोजी अमेरिकेच्या दक्षिणेकडील मिसिसिपी राज्यात, होली स्प्रिंग्ज या गावी झाला. जन्मली तेव्हा ती गुलाम होती. तान्ह्या पोरीला गुलाम म्हणणे आपल्याला चमत्कारिक वाटते, पण तिकडचा कायदाच तसा होता. आई गुलाम असली की तिच्या पोटचे मूल धन्याचे, जसे गाईचे वासरू गाईच्या धन्याचे. आयडाचे वडील जिम हे स्वतः एका गोऱ्या जमीनदाराचे आणि त्याच्या गुलाम बाईचे पुत्र. बापानेच त्यांना सुतारकाम शिकायला एका बांधकामवाल्याकडे ठेवले होते. आई लिझी त्याच घरी स्वयंपाकीण होती. ती लहानपणी व्हर्जिनियात भावंडांपासून तुटली, विकली गेली, तिने चाबकाचे फटके खाल्ले. गुलामी संपल्यावर तिने आपल्या माणसांचा शोध घेण्यासाठी माहेरच्या मुलखात पत्रांवर पत्रे पाठविली. एकाचाही पत्ता लागला नाही. आपण माहेर दुरावले म्हणून डोळ्यांत पाणी आणतो, पण ह्या बाईला माहेर कुठे आहे हेच शेवटपर्यंत कळले नाही.

त्या वेळी अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांची यादवी चालू होती. १ जानेवारी १८६३ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी बंडखोर राज्यांतील गुलाम मुक्त झाल्याचे जाहीर केले. लढाई १८६५ मध्ये संपली आणि त्याच वर्षी घटनेत दुरुस्ती होऊन साऱ्या देशातली गुलामी बंद झाली. पुढे काळ्या माणसांना नागरिक म्हणून हक्क मिळाले, पुरुषांना मतही मिळाले. आपल्या जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले आहे, हे पुष्कळांना माहीत असेल. इतक्या लांब पुण्यात त्या बातमीने एवढी आशा वाटली, तर त्या गुलामांना काय वाटले असेल!

जिमसुताराचा करारीपणा सांगण्यासारखा आहे. स्वतंत्र झाल्यावरही ते जुन्या धन्याकडेच मजुरीवर काम करीत. पहिल्या निवडणुकीच्या वेळी धन्याने आपल्या पक्षाला मत द्या म्हणून सांगितले. त्यांनी आपल्या मनाप्रमाणे मत दिले. परत येऊन पाहतात तो कामाच्या जागेला कुलूप. कोणाला काही न बोलता ते बाजारात गेले, नवी हत्यारे विकत घेतली, समोरच घर भाड्याने घेतले आणि बायकोमुलांना घेऊन तिकडे राहायला गेले. गावात मुक्त झालेल्यांसाठी जी शाळा निघाली तिच्या विश्वस्तांत जिम होते. लिझीबाई मुलांबरोबर त्याच शाळेत जाऊन बसत, बायबल वाचता येईपर्यंत गेल्या. आपल्या प्रौढ साक्षरता वर्गात यायला ज्या भगिनी लाजतात त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिले.

सन १८७८ मध्ये गावात पिवळ्या तापाची साथ आली. आयडा तेव्हा आजीकडे शेतावर होती. आई, वडील आणि धाकटा तान्हा भाऊ काही दिवसांच्या आत गेले. आयडा सोळा वर्षांची. उतारूंच्या गाड्या बंद होत्या, म्हणून ती मालगाडीने गावी निघाली. गाडीच्या शेवटच्या डब्याला काळे कापड लावलेले होते, कारण त्याच मार्गावरचे दोन गार्ड त्या तापाने गेले होते. सर्वांनी जाऊ नको म्हणून सांगितले, तरी ती गेली.

वडील मेसन नावाच्या बंधुसंघात होते. ती मंडळी घरी जमली आणि पोरांची वाटणी करू लागली. दोन मुलगे कामाला ठेवायचे, दोन लहान मुली दोन घरी द्यायच्या, आणि युजेनिया नावाची मधली बहीण, जिचा कणा वाकून पाय लुळे पडले होते, तिला कोणी घेईना, म्हणून तिला अनाथांच्या सरकारी घरात टाकायचे. आयडा हे सारे ऐकत बसली होती. तिचे कोणी विचारलेच नव्हते. सर्वांचे बोलून झाल्यावर तिने स्पष्ट सांगितले, की आईबापांच्या हाडांना स्वस्थता मिळणार नाही असे मी काही होऊ देणार नाही. घर वडिलांनी फेडून ठेवलेले आहे. मला फक्त नोकरी मिळवून द्या, पोरे मी सांभाळते. पोरे कोठेही गेली नाहीत.

झग्याची लांबी वाढवून, मोठी दिसेल अशी वेणीफणी करून तिने परीक्षा दिली आणि सहा मैलांवरच्या खेड्यात २५ डॉलर पगाराची मास्तरणीची नोकरी धरली. शुक्रवारी खेचरावर बसून घरी यायचे, शनिवार-रविवार धुणे, इस्त्री, आठवड्याचा स्वयंपाक, आणि पुन्हा खेचर. एवढे करूनही लोक काही बोलायचे राहिले नाहीत. वडिलांचे ठेवलेले पैसे एका गोऱ्या डॉक्टरांनी तिला चौकात आणून दिले, एवढ्यावरून गावाने तिच्याविषयी भलभलते उठविले. एकटी पोर स्वतंत्र घर करून राहते म्हटल्यावर जी कुजबूज होते ती सगळ्या मुलखांत सारखीच दिसते. शेवटी म्हातारी आजी येऊन राहिली तेव्हा ती थांबली.

पुढे आयडाबाई धाकट्या बहिणींना घेऊन मेम्फिस शहराकडे आल्या. येथून त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण लागले, आणि देशालाही लागत होते. दक्षिणेत शांतता राखायला ठेवलेली सरकारी पलटण १८७७ मध्ये काढून घेण्यात आली होती. जुने धनी पुन्हा सत्तेवर आले. गुलामी परत आणता येत नव्हती, म्हणून त्यांनी दुसरी युक्ती केली. आगगाडीत वेगळा डबा, शाळा वेगळी, पाण्याची जागा वेगळी. मतासाठी आधी पट्टी भरा, घटनेचे कलम वाचून अर्थ सांगा, असे मिसिसिपीने १८९० मध्ये ठरविले. परीक्षा घेणारा गोरा, तेव्हा निकाल काय लागायचा तो लागे. कायद्यात काळ्या माणसाचे नावही न घेता त्याचे मत गेले. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले ते असे, हळूहळू, एकेक कागद करून. आमच्या आजीच्या घरी मागच्या दारी कोनाड्यात एक कान तुटलेला कप वेगळा ठेवलेला असे, तो कोणासाठी हे लहानपणी मी विचारले तर मला गप्प बसविले होते. मुलगी हे डब्यांचे सांगत होती तेव्हा तो कप माझ्या डोळ्यांपुढे आला.

आयडाबाई एकवीस-बावीस वर्षांच्या असताना आगगाडीत बायकांच्या डब्यात बसल्या होत्या. हातात पहिल्या वर्गाचे तिकीट होते. गार्डाने येऊन पुढच्या, विड्या ओढणाऱ्यांच्या डब्यात जायला सांगितले. त्या उठल्या नाहीत. त्याने दंड धरून ओढले, तेव्हा त्यांनी त्याच्या हाताला कडकडून चावा घेतला आणि पाय समोरच्या बाकाला रोवले. तिघांनी मिळून त्यांना बाहेर काढले, बाही फाटली, आणि डब्यातल्या बायका-पुरुषांनी बाकावर उभे राहून टाळ्या वाजविल्या. आयडाबाई पुढच्या डब्यात न जाता खाली उतरल्या आणि त्यांनी रेल्वे कंपनीवर दावा ठोकला. पहिल्या वकिलाला कंपनीने आपल्याकडे वळवून घेतले, म्हणून दुसरा केला. १८८४ च्या डिसेंबरात निकाल त्यांच्या बाजूने लागून ५०० डॉलर मिळायचे ठरले. पण १८८७ मध्ये टेनेसी राज्याच्या वरच्या कोर्टाने तो फिरविला आणि उलट त्यांनाच दोनशे डॉलरांवर खर्च भरावा लागला.

ह्या दाव्याविषयी त्यांनी एका साप्ताहिकात लिहिले आणि त्यांना लेखणीची गोडी लागली. १८८९ मध्ये त्या मेम्फिसच्या ‘फ्री स्पीच’ नावाच्या पत्राच्या भागीदार आणि संपादक झाल्या. पत्र गुलाबी कागदावर छापीत, कारण ज्यांना अक्षर येत नाही त्यांना दुकानदार भलतेच पत्र विकीत असे. रंग पाहून त्यांना आपले पत्र ओळखता यावे ही त्यातली सोय. काळ्या मुलांच्या शाळांची दुरवस्था त्यांनी छापली, तेव्हा १८९१ मध्ये त्यांची शिक्षिकेची नोकरी गेली.

आता जे सांगायचे ते सांगताना मला जड जाते, पण ते टाळून आयडाबाईंचे चरित्र लिहिता येणार नाही. मेम्फिसच्या वेशीवर थॉमस मॉस नावाच्या टपालवाल्याने काही जणांना भागीदार घेऊन किराणा दुकान काढले होते. आयडाबाई त्याच्या मुलीच्या धर्ममाता, म्हणजे अगदी घरचाच संबंध. दुकान चांगले चाले. समोर एका गोऱ्याचे दुकान होते, त्याचे गिऱ्हाईक तुटले. गोट्या खेळताना पोरांची भांडणे झाली, त्यात मोठी माणसे पडली, कोर्टकचेरी झाली. मग एका रात्री हत्यारबंद गोरे मागच्या दाराने दुकानात शिरले. आतल्या माणसांनी स्वसंरक्षणासाठी गोळ्या झाडल्या, तिघे जखमी झाले. मॉस आणि त्याचे दोन सोबती मॅकडॉवेल व स्टुअर्ट यांना कैदेत टाकले. ९ मार्च १८९२ च्या पहाटेपूर्वी तोंडे झाकलेल्या जमावाने तुरुंगातून त्या तिघांना बाहेर ओढून, गावाबाहेर रुळांपाशी नेऊन गोळ्या घातल्या. ह्या प्रकाराला तिकडे लिंचिंग म्हणतात. आपल्या वर्तमानपत्रांत हल्ली झुंडबळी असा शब्द येतो. मरताना मॉसने आपल्या लोकांना निरोप ठेवला, की येथे न्याय नाही, पश्चिमेकडे निघून जा. त्याची बायको तेव्हा गरोदर होती.

आयडाबाई त्या दिवशी परगावी होत्या. परत येऊन त्यांनी मॉसचाच निरोप पत्रातून सांगितला. हजारो लोक घरेदारे विकून ओक्लाहोमाकडे निघाले. जे राहिले त्यांनी ट्रामवर बहिष्कार घातला. दीड-दोन महिन्यांत ट्राम कंपनीचे दोन अधिकारी आयडाबाईंच्या कचेरीत आले. काळे लोक विजेला भितात काय, म्हणून बसत नाहीत, असे ते विचारू लागले. विजेला भीत नाहीत, तर मॉसला मारले म्हणून बसत नाहीत, हे त्यांना बाईंनी समजावून दिले. त्याच दिवसांत त्यांनी एक पिस्तूलही विकत घेतले.

तोपर्यंत आयडाबाईंनाही वाटे, की जमाव चुकीचा असला तरी ज्याला मारतात त्याने एखाद्या बाईवर हात टाकलेला असतो. सर्वांना तसेच सांगितले जाई. मॉसला मारल्यावर त्यांचे डोळे उघडले, कारण त्याच्या बाबतीत बाईचा संबंधच नव्हता, संबंध होता किराणामालाचा. मग त्यांनी एकेका प्रकरणाचा शोध घ्यायला सुरुवात केली. आठ वर्षांतील ७२८ प्रकरणे त्यांनी तपासली, आणि आकडे घेतले ते गोऱ्यांच्याच वर्तमानपत्रांतले, म्हणजे कोणी खोटे म्हणायला नको. बाईवर अत्याचार केल्याचा नुसता आरोपही तिघांमागे एकावरच होता. बाकीचे कोणी उलट उत्तर दिले म्हणून, कोणी मजुरी मागितली म्हणून मारले गेलेले. मला ह्यातली सर्वांत मोठी गोष्ट ही वाटते, की बायकांच्या अब्रूचे नाव पुढे करून हे खून होत होते, आणि ते नाव पुढे करू नका असे एका बाईनेच ठणकावून सांगितले.

मे १८९२ मध्ये हे त्यांनी छापले आणि त्या फिलाडेल्फियाला सभेसाठी गेल्या. मागे जमावाने त्यांची कचेरी आणि छापखाना उद्ध्वस्त केला. मेम्फिसला परतलीस तर जिवंत सोडणार नाही अशा धमक्या आल्या. त्या न्यूयॉर्कलाच राहिल्या आणि ‘न्यूयॉर्क एज’ ह्या काळ्यांच्या पत्रात त्यांनी सगळी हकीकत लिहिली. त्या अंकाच्या दहा हजार प्रती काढल्या होत्या.

आता आपल्या मंडळाला जवळची वाटेल अशी गोष्ट. न्यूयॉर्क आणि ब्रुकलिन येथील काळ्या भगिनींनी ठरविले, की ह्या बाईचे पत्र गेले, तर आपण तिला उभे करायचे. त्यांत कोणी शिक्षिका, कोणी लिहिणाऱ्या. ५ ऑक्टोबर १८९२ रोजी त्यांनी मोठी सभा भरविली. आयडाबाई भाषण वाचायला उभ्या राहिल्या. मेम्फिसची आठवण येऊन त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या, तेव्हा त्यांनी वाचणे न थांबविता पाठीमागे हात करून रुमाल मागितला. भगिनींनी ५०० डॉलर जमवून दिले आणि लेखणीच्या आकाराचे सोन्याचे पदकही दिले. ते त्या पुढे वर्षानुवर्षे लावीत. त्या पैशातून पहिली पुस्तिका छापली गेली. अशा सभांतूनच गावोगावी काळ्या स्त्रियांची मंडळे निघाली. शिकागोचे मंडळ तर आयडाबाईंच्या नावानेच चाले, आणि त्याने पुढे बालवाडी काढली.

१८९३ आणि १८९४ अशी दोनदा त्यांनी विलायतेत व्याख्याने दिली. बोलावणाऱ्या कॅथरीन इंपी ह्या बाई एक मासिक काढीत, त्याचे नाव ‘अँटी-कास्ट’, म्हणजे जातिभेदाविरुद्ध. इंग्रजांना रंगाचा भेद सांगायचा तरी त्यांना आपल्याकडच्या जातिभेदासाठी वापरतात तोच शब्द सापडला! १८९३ मध्ये शिकागोला जे जागतिक प्रदर्शन भरले त्यात काळ्यांना स्थान नव्हते, म्हणून आयडाबाई आणि वृद्ध फ्रेडरिक डग्लस यांनी तेथे हैती देशाच्या दालनातून निषेधाची पुस्तिका वाटली. त्याच वर्षी, त्याच शिकागोत विवेकानंदांचे सर्वधर्म परिषदेतील भाषण गाजले, हे आपण शाळेत शिकलो. त्याच प्रदर्शनाच्या आवारात ही बाई पुस्तिका वाटीत होती, हे मात्र कोणी सांगितले नव्हते.

१८९५ मध्ये त्यांनी शिकागोचे वकील फर्डिनंड बार्नेट यांच्याशी विवाह केला. व्याख्यानांमुळे मुहूर्त तीनदा पुढे ढकलला गेला होता. बार्नेट विधुर, त्यांना दोन मुलगे. नंतर आयडाबाईंना चार मुले झाली. १८९६ मध्ये वॉशिंग्टनला काळ्या स्त्रियांच्या मंडळांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला तेव्हा त्या चार महिन्यांच्या चार्ल्सला घेऊनच गेल्या. हॅरिएट टबमन, ज्यांनी आपल्या तरुणपणी कितीतरी गुलामांना रात्रीतून पळवून सोडविले, त्या सर्वांत वयोवृद्ध म्हणून हजर होत्या. त्यांनी बाळाला उचलून सभेला दाखविले आणि संघाचे बाळ म्हणून त्याची ओळख करून दिली. स्त्रियांच्या मतासाठी झटणाऱ्या सुसान अँथनी मात्र आयडाबाईंना थोडे टोचून बोलल्या, की लग्न झाल्यापासून तुझे लक्ष दोन ठिकाणी वाटले गेले आहे. अँथनीबाई अविवाहित होत्या. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, पण घरातले बाळ ठेवायला दुसरे कोणी नसले तर बाईने काय करावे, हे त्यांना कोणी विचारायला हवे होते.

त्याच १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्लेसी नावाच्या माणसाच्या खटल्यात निकाल दिला, की डबे वेगळे असले तरी सारखे असले म्हणजे झाले. पुढे पन्नासावर वर्षे, १९५४ पर्यंत, ह्या निकालाच्या आधाराने शाळाही वेगळ्या राहिल्या.

मला आयडाबाई सगळ्यांत आवडल्या त्या १९०९ च्या प्रसंगात. इलिनॉय राज्यात केरो गावी जमावाने एकाला तुरुंगाधिकाऱ्याच्या, म्हणजे शेरीफच्या, हातून काढून मारले. तेथील कायद्याप्रमाणे शेरीफची नोकरी जायला हवी होती, पण त्याला पुन्हा घेण्याच्या खटपटी चालल्या. कोणी तरी तेथे जाऊन पुरावा गोळा करायला हवा होता. बार्नेट यांनी जेवताना विषय काढला. आयडाबाई नको म्हणाल्या. पुरुषांच्या पुढे पुढे करते असे आपल्याच लोकांनी त्यांना वारंवार ऐकविले होते, त्याचा त्यांना वीट आला होता. त्या धाकटीला निजवायला वर गेल्या. थोड्या वेळाने थोरला चार्ल्स आला आणि त्याने एवढेच म्हटले, की आई, तू गेली नाहीस तर दुसरे कोणी जाणार नाही. दुसऱ्या दिवशी सगळे घर त्यांना पोचवायला स्टेशनवर गेले. केरोच्या काळ्या मंडळींतल्या पुष्कळांनी शेरीफच्या बाजूनेच सह्या दिल्या होत्या, कारण त्याने त्यांच्यापैकी काहींना नोकऱ्या दिल्या होत्या. त्यांची समजूत घालून, सह्या घेऊन बाई गव्हर्नरापुढे वकिलांच्या तोडीने बोलल्या. शेरीफला परत घेतले नाही. पुढल्या वर्षी केरोत पुन्हा जमाव आला तेव्हा नव्या शेरीफने कैदी त्याच्या हाती लागू दिले नाहीत.

बाकीचे थोडक्यात लिहिते, नाहीतर संपादकबाई रागावतील. ३ मार्च १९१३ रोजी वॉशिंग्टनला स्त्रियांच्या मताधिकाराची मिरवणूक निघाली. दक्षिणेकडच्या बायका नाराज होतील म्हणून काळ्या स्त्रियांनी सर्वांत मागे चालावे असे आयडाबाईंना सांगण्यात आले. त्या गर्दीत उभ्या राहिल्या, आणि इलिनॉयचा जथा समोर येताच रस्त्यावरून सरळ आत शिरून आपल्या राज्याच्या बायकांबरोबर चालू लागल्या. १९१७ मध्ये ह्यूस्टनच्या दंगलीनंतर तेरा काळ्या शिपायांना घाईने फाशी दिले, तेव्हा त्यांनी त्यांच्या स्मरणाचे बिल्ले काढून वाटले. गुप्त पोलीस घरी येऊन अटकेची भीती घालून गेले, बिल्ले द्यायचे काही थांबले नाही. पुढे, साठी जवळ आली असताना, त्या अर्कान्सासच्या तुरुंगात फाशीची शिक्षा झालेल्या बारा शेतकऱ्यांना नातेवाईक बाई म्हणून भेटल्या आणि बाहेर येऊन त्यांची हकीकत छापली. ते बाराही जण पुढे सुटले. १९३० मध्ये राज्याच्या सिनेटसाठी उभ्या राहिल्या आणि पडल्या.

२५ मार्च १९३१ रोजी शिकागोत त्यांचे निधन झाले. त्या आत्मचरित्र लिहीत होत्या, ते वाक्याच्या मध्येच तुटले आहे. धाकटी मुलगी अल्फ्रेडा हिने ते कागद जपून ठेवले आणि आपली मुले वाढवता वाढवता ते नीट लावले. १९७० मध्ये ते पुस्तकरूपाने निघाले, म्हणजे आईच्या मागे एकोणचाळीस वर्षांनी. झुंडबळीविरुद्ध देशाचा कायदा व्हावा ही त्यांची मागणी होती, तो कायदा मार्च २०२२ मध्ये झाला. आणि ज्या शिपायांचे बिल्ले त्या वाटीत होत्या, त्यांचे व त्यांच्या सोबत्यांचे दोषी ठरविणारे निकाल अमेरिकेच्या सैन्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केले. अशी ११० माणसे होती.